पाच पॉइंट एक

“चहा ठेवजो नि लगेच बठी जाजो. उभी नको ऱ्हाजो,” कंकुबाईंनी लेकीला चौथ्यांदा बजावलं. फाल्गुनीने मान हलवली आणि कप तिसऱ्यांदा पुसले.

तीन पिढ्या खापर गावच्या बाजारपेठेत काढून या घरातली मारवाडी निम्मी अहिराणी झाली होती. शाळेतली मराठी फक्त पाहुण्यांसाठी बाहेर निघायची. आज पाहुणे खांडबाऱ्याहून येणार होते. मुलगा अभिनंदन, कापडाचं दुकान. फाल्गुनी एकोणतीस वर्षांची आणि अनवाणी पाच फूट दहा इंच. आजवर सात स्थळं आली. सातही जणांनी पोहे खाल्ले, मुलगी हुशार आहे म्हणाले आणि तिला मुलाशेजारी उभी पाहून गाडीत बसले.

हे आठवं स्थळ आलं ते एका चुकीमुळे, आणि चूक तिचीच होती. समाजाच्या परिचय पुस्तिकेचा तक्ता तिनेच संगणकावर केला होता. फॉर्मवर फूट आणि इंच वेगवेगळे होते. पानावर जागा कमी, म्हणून तिने फॉर्म्युला लावून दोन्ही जोडले आणि मध्ये टिंब दिलं. पण असा जोडलेला मजकूर उंचीप्रमाणे क्रमाने लागेना. मग तिने त्याचा आकडा करून टाकला. आकडा झाल्याबरोबर यंत्राने ५.१० मधलं शेवटचं शून्य बिनकामाचं समजून फेकून दिलं. जुने रकाने तिने पुसले, दोनशे प्रती छापून वाटल्या गेल्या. त्यात फाल्गुनीची उंची ५.१. वाचणारा समजणार, पाच फूट एक इंच.

आठ दिवसांपूर्वी तिच्या ते लक्षात आलं. समाजाच्या ग्रुपवर दुरुस्तीची एक ओळ टाकायची, बस. ती टाकणारच होती. तेवढ्यात खांडबाऱ्याहून फोन आला, की आमच्या मुलाला तुमची मुलगी पुस्तिकेवरूनच पसंत आहे.

फाल्गुनीने घाईघाईने त्याचं पान काढलं. उंची ५.१. ज्या फॉर्म्युल्याने आपलं शून्य खाल्लं, त्यानेच याचंही खाल्लं असणार. हाही पाच फूट दहा इंच! देवाने पहिल्यांदा बरोबरीचं माणूस पाठवलं होतं, आणि ग्रुपवरची ओळ तशीच राहिली.

खात्री करणं काही अवघड नव्हतं. मूळ फॉर्म समोरच, पुस्तिका काढणाऱ्या इंदरमलकाकांच्या किराणा दुकानात, कपाटात होते. ती तीनदा दुकानाच्या पायरीपर्यंत गेली आणि तीनदा हळदीची पुडी घेऊन परत आली. घरात आता वर्षाची हळद झाली होती. आईला विचारलं तर आईचं एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची.

खाली गाडीचं दार वाजलं. जिन्यावर पावलं, नमस्कार, पंख्याचं बटण. फाल्गुनीला स्वयंपाकघरात एका जागी उभं राहवेना. ओट्यापासून दारापर्यंत ती येरझाऱ्या घालत राहिली, हाक येईपर्यंत.

ती ट्रे घेऊन वाकूनच बाहेर गेली, चहा ठेवला आणि लगेच बसली. समोरच्या सोफ्यावर आईवडिलांच्या मध्ये अभिनंदन बसला होता. चेहरा मोकळा, डोळे हसरे. बसलेला माणूस किती उंच, हे कुणाला कळतं? तिने त्याच्या गुडघ्यांकडे पाहून हिशेब करायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

प्रश्न झाले, पोहे झाले. मग अभिनंदनचे वडील म्हणाले, “मुलं जरा गच्चीत जाऊन बोलू देत.”

कुणीच उठलं नाही. कंकुबाईंनी लेकीचा पदर घट्ट धरला होता. फाल्गुनीने पाहिलं, पलीकडे त्याच्या आईचा हातही त्याच्या मनगटावर होता.

शेवटी अभिनंदन उठला. उठला, तरी फारसा वर गेला नाही.

फाल्गुनीला आधी राग आला, आपल्याला फसवलं म्हणून. मग आठवलं, छापलं कुणी होतं. पदर सोडवून ती उभी राहिली. त्याची नजर तिच्या खांद्यावरून वर वर जात राहिली, आणि खोलीत कुणी कप बशीत ठेवेना.

गच्चीत मिरच्या वाळत होत्या. त्या चुकवत दोघं कठड्यापाशी आले.

“पुस्तिकेत चुकीचं छापलं गेलं का?” त्याने विचारलं.

“हो. माझ्या हातून.” तिने टिंबाची आणि शून्याची सगळी गोष्ट सांगितली, न थांबता.

“केव्हा लक्षात आलं?”

“आठ दिवस झाले.”

“मग फोन का नाही केलात?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “तुमच्या पानावर पण पाच पॉइंट एक होतं. मला वाटलं, तुमचंही शून्य गेलं असेल. म्हटलं, हा माझ्यासारखाच आहे.”

तो खाली रस्त्याकडे वळला. बोलला तेव्हा शाळेतली मराठी गळून पडली होती.

“मन्हं काहीच गयं नही. मी खराच पाच फूट एक शे,” तो म्हणाला. “नऊ पोरीसनी मले नकार दिधा. मन्हापेक्षा उंच नही, अशी पोर पहिल्यांदा त्या पुस्तकमा दखनी. ज्या दिन तुम्हना आकडा वाचा, त्या दिन आईनी गोड लापशी करेल व्हती.”