एकच चाल

चिमणीच्या वजिराने शह दिला आणि समोरच्या मुलीचा राजा कोपऱ्यात सापडला. त्याला सरकायला एकच घर उरलं होतं. तिथे गेला की पुढच्याच चालीला मात.

ती मुलगी मात्र हलेना. चिमणीहून थोडी मोठी, दातांना तारा बसवलेली. कोपरं टेबलावर टेकून ती नुसती पटाकडे बघत होती. तिचं घड्याळ चालू होतं. आजूबाजूचे डाव एकेक करून संपत आले, मुलं हात मिळवून बाहेर पळाली. काचेच्या बंद दारापलीकडे पालक ताटकळत उभे होते. त्यांना आत यायला मनाई होती.

चिमणी कंटाळली. पंचांची पाठ वळल्यावर ती पुटपुटली, "एकच तर चाल आहे. खेळ की."

"माहितेय."

"मग हार मान ना. उगीच कशाला ताणतेस?"

मुलीने मान वर केली नाही. "दाराशी निळा शर्ट दिसतोय? माझे बाबा."

चिमणीने तिरक्या नजरेने पाहिलं. निळ्या शर्टातला माणूस काचेला अगदी चिकटून उभा होता.

"हरले की गाडीत अख्ख्या डावाच्या चाली म्हणायला लावतात. चुकले होते तिथे थांबवतात." मुलीने बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. "डाव चालू आहे तोवर मी इथे आहे."

पंच वळले. दोघी गप्प झाल्या.

वेळ अगदी संपत आली तेव्हा मुलीने राजा सरकवला, घड्याळ दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

चिमणीचा हात सवयीने वजिराकडे गेला. बोट लागलं असतं तर नियमाप्रमाणे तो हलवावाच लागला असता. तिने हात मागे घेतला. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ती बसून राहिली. तिच्या घड्याळात अजून पुष्कळ वेळ होता.

मुलीने हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा.

दारातून पट काही दिसत नव्हता. चाल कोणाची आहे, एवढंच कळत होतं. निळ्या शर्टातला माणूस पहिल्यांदा हसला आणि शेजारी उभ्या असलेल्या चिमणीच्या मामाला म्हणाला, "बघा. आता तुमची भाची अडकली."