वरच्या खोलीची ऊब

बॉयलर पुन्हा बंद पडला होता. चंद्रशेखरने फोनवरचं लाल चिन्ह पाहिलं, बायको स्वयंपाकघरात आहे याची खात्री केली आणि ॲपवरून तो चालू केला. तिकडे जॉर्जियातल्या एका डोंगरगावात, त्यांच्या जुन्या दगडी घरात, पाणी हळूहळू तापायला लागलं. इकडे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटमध्ये जानेवारीतही एसी घुरघुरत होता. एक घर गार करायचं, दुसरं गरम करायचं, यातच त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत फिरायला गेले असताना दोघांनी हौसेनं ते घर घेतलं. निवृत्तीनंतर उन्हाळे तिथे काढायचे ठरलं होतं. घर कसलं, पांढरा हत्तीच तो. छप्पर बदललं तर खिडक्या कुजलेल्या निघाल्या. खिडक्या केल्या तर भिंतींना ओल. शेवटी खोल्या तापवायला रेडिएटर बसवले, तर त्यांना गरम पाणी पुरवणारा हा बॉयलर असा नाजूक प्रकृतीचा, की जरा ताण दिला की रुसून बसायचा. म्हणून त्याची सूत्रं चंद्रशेखरने स्वतःच्या फोनवर ठेवली होती. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

"पुन्हा ते ॲप?" मीनाक्षी बाहेर येत म्हणाली. "रिकाम्या घराला कशाला एवढी हीटिंग?"

"पाइप गोठून फुटतील. बाहेर मायनस आठ आहे."

"मग सगळं घर कशाला तापवता? खालच्या रूम्स बंद करा. तापवायचीच तर वरची एक रूम धड तापवा."

"वरचीच का?"

"छोटी आहे म्हणून. कॉमन सेन्स आहे."

घर रिकामं नव्हतं, हे तो तिला सांगू शकत नव्हता. दिवाळीपासून तिथे इशिता राहत होती, त्यांची एकुलती एक लेक.

इशिताने पत्रिका वाटून झाल्यावर ठरलेलं लग्न मोडलं आणि विघ्नेशशी रजिस्टर लग्न केलं. विघ्नेश घटस्फोटित, वयानेही बराच मोठा. त्या दिवशी मीनाक्षीने हॉलमधला लेकीचा फोटो उतरवला आणि म्हणाली, "हा विषय या घरात खलास." ती शब्दाची पक्की. चंद्रशेखरचं तसं नव्हतं. त्याला लेकीवाचून करमेना. विघ्नेश जॉर्जियातच, तिबिलिसीच्या एका कॉलेजात शिकवतो आणि दोघांची भाड्याची जागा सुटली, हे कानावर आलं तेव्हा त्याने गुपचूप किल्ली पाठवून दिली. आता बायकोला कळलं तर ती घर विकायलाच काढेल आणि पोरगी भर थंडीत उघड्यावर पडेल, ही एकच धास्ती त्याच्या मानगुटीवर बसली होती.

लेकीला फोन तो ऑफिसच्या पार्किंगमधून करी. ती कॅमेरा कायम रेडिएटरकडे धरायची.

"अगं, तोंड तरी दाखव."

"आधी हे लीक बघा ना, बाबा. आय ॲम फाइन."

या आठवड्यात तर तिचा फोन विघ्नेशच उचलत होता. "ती झोपलीय, बाबा. बाकी ऑल ओके. हीटिंग थोडी वाढेल का?"

चंद्रशेखरला फार वाईट वाटलं. पोरगी रुसली असणार. बापाने घर दिलं तेही असं कुडकुडायला लावणारं. त्याने वरच्या खोलीचं तापमान एकवीसवर नेलं. त्यापुढे नेलं की बॉयलर मान टाकत होता. ऑफिस, बॉयलर आणि बायकोपासूनची लपवाछपवी, या तिन्हींनी तो पार थकून गेला होता.

त्याच आठवड्यात मीनाक्षीने पुण्याचं काढलं. बहिणीच्या, अनुराधाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

"महिनाभर तरी राहीन."

"असं अचानक?"

"गुडघा काय विचारून दुखतो?"

बॅगेत तिने दोन शाली, लोकरीचे मोजे आणि जाड स्वेटर भरला.

"पुण्यात एवढी थंडी?"

"यंदा आहे म्हणे."

सकाळी तिला एअरपोर्टला सोडताना त्याला वाटलं, आता सांगून टाकावं. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकी मोठी गोष्ट त्याने तिच्यापासून कधी लपवली नव्हती. गाडी थांबवून तो म्हणाला, "मीनाक्षी, एक बोलायचं होतं."

"पोचले की बोलू," ती उतरत म्हणाली. "आत येऊ नका, ट्रॉली आहे. यल्ला, निघा, तुम्हाला उशीर होतोय."

ती आत दिसेनाशी झाली आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी तो घरी आला. चहा करून हॉलमधल्या सोफ्यावर ऐसपैस बसला. आज पार्किंग नको, दबका आवाज नको. आज लेकीशी मनसोक्त बोलायचं, तिचा रुसवा काढायचा. त्याने ॲप उघडलं. वरची खोली अठरावर उतरली होती. काळजीने त्याने इशिताला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"इशू, बाळा, खूप गार झालंय का गं?"

"अहो, विचारता काय? लगेच पंचवीसवर घ्या," पलीकडून मीनाक्षी म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत असला गारठा चालत नाही."