अंतराचा सल्ला

पोळी करपली आणि शालिनीताईंनी ते नाकानेच ओळखलं.

“सूनबाई, चित्त तव्यावर आहे की मोबाइलवर?”

सोनिका ओशाळून म्हणाली की रील टाकायचं राहून गेलं होतं. शालिनीताईंनी करपलेली पोळी स्वतःच्या ताटात ओढली आणि जेवायला लागल्या.

सोनिका कादंबरी लिहीत होती. पुण्याच्या प्रकाशकाला सुरुवातीची प्रकरणं आवडली होती, पण त्याच्या दोन अटी होत्या. दसऱ्यापर्यंत पूर्ण कादंबरी हवी, आणि तोवर लेखिकेचं नाव चार लोकांच्या तोंडी असायला हवं. म्हणून सकाळी पोस्ट, दुपारी रील, संध्याकाळी कुठकुठल्या ग्रुपवर पुस्तकाची जाहिरात. कादंबरी मात्र मधेच रुतून बसली होती. दसरा चुकला तर पुन्हा लिहिण्याचं नाव काढणार नाही, असं तिने नवऱ्याला, समरजीतला, सांगून टाकलं होतं. शालिनीताईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, पण घराण्याचा तोरा पुरेपूर. आणि त्या घराण्यात सुनेची तोंडावर तारीफ करायची रीत नव्हती. त्यांच्या सासूने जन्मात कधी भाजी चांगली झाली असं म्हटलं नाही. रिकामं पातेलं बघून आपलं आपण समजून घ्यायचं. तीच रीत त्यांनी पुढे चालवली, आणि झकास चालवली.

सुनेचा ब्लॉग त्यांच्या हाती लागला तो चुकून. सोनिकाने त्यांच्या फोनवर भजनं लावून दिली, आणि ती गेल्यावर फोनवर तो ब्लॉग उघडाच राहिला. शालिनीताईंनी अक्षराखाली बोट धरून वाचला. लिहायचं कधी आणि लोकांपुढे मांडायचं कधी, या ओढाताणीत माझं दोन्ही जातंय, असं पोरीने लिहिलं होतं. सोबत कादंबरीतला एक तुकडा, नायिका सुमन विहिरीवर रडते तो. खाली वाचकांनी लिहायची जागा. ती रिकामी. आठवड्याने नवा मजकूर आला, तरी खाली चिटपाखरू नाही.

एवढ्या मोठ्या दुनियेत आपल्या सुनेला कुणी हूं की चूं करू नये, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

पापड बघून येते म्हणून त्या गच्चीवर गेल्या. फोनशी बोललं की तो लिहून घेतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. नाव त्यांनी सांगितलं अंतरा, गाव इंदूर.

“बाई, दुकानात माल नाही आणि तू रोज पाटी रंगवून राहिली आहेस. सकाळचं ताजं डोकं कादंबरीला दे, उरलंसुरलं त्या रीलला. रविवारी एकदाच साडी नेस आणि आठवड्याची सगळी रीलं उरकून टाक. ब्लॉग थोडा कमी लिही, आम्ही कुठे पळून नाही चाललो. आणि तुझी ती सुमन विहिरीवर रडते ना, तिथे मला घास गिळवेना.”

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं. अंतराताई, तुम्ही वाचता म्हणून लिहिते. त्या दिवशी सोनिका भांडी लावताना गुणगुणत होती. शालिनीताई म्हणाल्या, आवाज जरा कमी, डोकं दुखतंय.

मग पापड रोजच वाळत पडायला लागले. एकदा अंतराने सल्ला दिला की घरात जमत नसेल तर दौलतगंजच्या जुन्या वाचनालयात जाऊन बस, दुपारी तिथे माणूस नसतो आणि फोनला रेंज नसते. सांगून झाल्यावर शालिनीताईंनी जीभ चावली. इंदूरच्या बाईला ग्वाल्हेरातलं दौलतगंज कुठून ठाऊक? लगेच त्यांनी जोडलं की माझं माहेर ग्वाल्हेरचं. सोनिकाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दुपारपासून ती वाचनालयात जायला लागली.

“आल्या का बाईसाहेब कचेरीतून?” शालिनीताई दारातच विचारायच्या, आणि गरम पोळी वाढायच्या.

दसरा तोंडावर आला. शेवटचं प्रकरण काही केल्या उतरेना. एका सकाळी ब्लॉगवर एकच ओळ होती, की उद्यापासून थांबते आहे, माझ्याच्याने होत नाही. शालिनीताई चहा प्यायल्या. साखर जास्त झाली म्हणाल्या, आणि गुडघे धरत जिना चढल्या.

“खुशाल थांब. पण सुमनला तशी विहिरीवर उभी ठेवून कोण थांबतं? अगोदर तिला घरी आणून सोड, मग बस पाय पसरून.”

सोनिका त्या दिवशी जेवायलासुद्धा उठली नाही. शालिनीताईंनी ताट तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि टेबलावर किती पसारा, एवढं बोलून परतल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कादंबरी पुण्याला गेली. दिवाळीच्या फराळाचं चाललं होतं तेव्हा प्रकाशकाचा होकार आला.

शेजारच्या शांताताई आपल्या उन्नतीला घेऊन पेढे खायला आल्या. शांताताईंनी सुनेचं तोंडभर कौतुक केलं. शालिनीताईंची मान ताठ झाली होती. शेवटी राहवेना.

“ब्लॉगही लिहिते ती,” त्या म्हणाल्या. ही तारीफ नव्हती, माहिती होती. “कुठकुठले लोक वाचतात. उन्नती, काढ बघू तुझ्या फोनवर.”

उन्नतीने नाव घातलं, बराच वेळ खटपट केली.

“काकी, उघडून नाही राहिला. हा बंद ब्लॉग आहे. फक्त एकाच वाचकाला दिसतो म्हणे, दुसऱ्या कुणालाच नाही.” तिने मान वर केली. “वहिनी, कोण आहे हा एक वाचक?”

सोनिका चहाचा ट्रे घेऊन आली होती. पहिला कप तिने सासूबाईंच्या पुढे ठेवला.

“अंतराताई,” ती म्हणाली, “साखर बेताचीच घातली आहे.”