अकरा किलोवॅटचा हट्ट

"अकरा किलोवॅटचा चार्जर तुम्हाला नकोच," पोरगी म्हणाली.

धोंडूअण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. विकायला आलेलं माणूस आपल्याच तोंडानं नको म्हणतं? असला प्राणी पूर्णगडात आजवर आला नव्हता.

"का गो? परवडायचा नाही असं वाटलं काय तुला?"

"परवडेल हो, अण्णा. पण तुमची गाडी सात किलोवॅटच्या वर वीज घेतच नाही. मोठा नळ बसवलात म्हणून कळशीचं तोंड थोडंच मोठं होतं?"

अण्णांनी उभा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनात घालवला होता. गाडीचं हे गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती खरं बोलते की गिऱ्हाईक कापते, एवढंच पाहायचं होतं. नवी गाडी पुढच्या आठवड्यात दारात लागणार होती आणि तिच्यासाठी चार्जर हवा होता. रत्नागिरीतल्या या दुकानाचा नंबर बायकोनं, काशीनं, मुंबईच्या मुलाकडून मागून घेतला होता. मायलेकांचं बोलणं होतं. बापाशी नव्हतं.

"बरं, सातचा सांग. केवढ्याला?"

"चांगला घ्याल तर पन्नास हजारांच्या घरात. वर मीटरचा भार वाढवून घ्यायचा खर्च वेगळा. पण गाडी फिरणार किती?"

"रत्नागिरीचा बाजार. येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. तेही रोज नाही."

"मग सातचाही नको," ती म्हणाली. "गाडीबरोबर साधा चार्जर फुकट येतो. रात्रभर लावलात की दोन दिवसांची बेगमी. मी वेगळी वायर, दणकट सॉकेट, ब्रेकर आणि अर्थिंग करून देते. पंधरा-सोळा हजारांत सगळं."

"अगो, मालकाचं दुकान बुडवशील अशानं!"

"दुकान माझंच आहे," ती हसून म्हणाली आणि टेप घेऊन अंगणात उतरली.

अण्णा मागोमाग गेले. ही पोर आपल्याला आवडायला लागली आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. गावात त्यांना कुणी आवडल्याचं फारसं ऐकिवात नव्हतं.

"अर्थिंग आहे की इथं," त्यांनी पायरीजवळची जागा दाखवली. "मी स्वतः केलंय."

पोरगी गुडघ्यावर बसली. माती उकरून पाहिली, मीटर लावला आणि मान हलवली. "दोन हातांवर कातळ लागलाय. पावसात चालेल. दिवाळी गेली की माती ठणठणीत, मग हे अर्थिंग नुसतं नावाला. ते विहिरीजवळ, ओलीत न्यायला हवं."

"इतकी वर्षं चाललं ना?"

"पंख्याला चाललं. गाडी रात्रभर वीज ओढणार. तुमचा हात तिच्या पत्र्याला लागणार, काकूंचा लागणार. यावर जोडायचं असेल तर अण्णा, काम दुसऱ्या कुणाला द्या."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. बोटीवर चीफ इंजिनिअरला असं तोंडावर सांगणारे दोघंच-तिघं भेटले होते, आणि त्यांच्या जिवावर बोट चालायची.

"विहिरीजवळ कर," ते म्हणाले. "माझं चुकलं. आणि उन्हातान्हाची कुठे जातेस? जेवून जा."

काशीनं बांगड्याचं कालवण वाढलं. पोरीनं काटे असे काढले की अण्णांनी काशीला नजरेनंच दाखवलं.

"कुठची गो तू?"

"देवरुखची. दुकानापायी रत्नागिरीत राहते."

"तरीच! नाहीतर आमचा ऋत्विक बघ. शिमग्याला आला आणि म्हणतो, लग्न ठरवलंय. मी म्हटलं, मुंबईचीच असणार! अळू कुठलं, रानातलं तेरं कुठलं, हे तरी कळेल काय तिला? या घरात तिचं पाऊल पडू देणार नाही, असं ठणकावून सांगितलं."

पोरीनं घास ताटातच ठेवला. "मग तो काय म्हणाला?"

"बोलू कुठे दिलं मी त्याला! नावसुद्धा ऐकून घेतलं नाही. बॅग उचललीन नि गेला. गणपतीलाही आला नाही." अण्णा ताटातला भात चिवडू लागले. "गाडी काय मला मिरवायला हवीय? म्हटलं, गाडी बघायला तरी येईल. घर खायला उठतं गो."



"मग तुम्हीच फोन करा ना," पोरगी हळूच म्हणाली.

"मी? बाप आहे मी त्याचा."

"अर्थिंग चुकलं, हे कबूल केलंतच ना मघाशी? तसंच."

अण्णा खो-खो हसले. काशी बरी संधी सोडेल! तिनं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन अण्णांच्या ताटाशी ठेवला.

"बाबा?"

 एवढ्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाजूला राहिलं आणि अण्णा म्हणाले, "चार्जर ठरला."

"बरं झालं."

"दुकानातली पोरगी आलीय. काय पोरगी आहे रे! माझ्याच घरात माझंच काम चुकीचं ठरवलन, आणि बोलली ते खरंच. मेल्या, अशी एखादी आणली असतीस तर वाजतगाजत घरात घेतली असती मी!"

"नक्की, बाबा? शब्द देताय?"

"धोंडू शिवलकराचा शब्द! या पोरीसारखी आण, उद्याच्या उद्या साखरपुडा करतो."

"ती आहे अजून तिथं?"

"आहे तर. समोरच जेवत्येय."

 मग ऋत्विक हसला, अगदी मोकळा, लहानपणी हसायचा तसा.

"ऐकलंस ना, अक्षया? ऊठ आता, हात धू आणि बाबांच्या पाया पड."