तिखट कानांचा माईक

"वहिनी, ह्याचे कान फार तिखट हो," सर्वेशने काळा, जाडसर माईक दुकानाच्या काचेवर ठेवला. "कंडेन्सर आहे. गळ्यातली बारीक हरकतसुद्धा उचलेल. पण पंख्याची घरघरही उचलेल. खोली बंदिस्त नसेल, तर साधा डायनॅमिक बरा. तो तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो."

"मग डायनॅमिकच घेऊ," विनीत लगेच म्हणाला. "शेजारच्या खोलीत आई असते. तिचं कण्हणं, माझी ये-जा. उगाच ताप."

वेदिकाने दोन्ही माईकवर एकच ओळ गाऊन पाहिली आणि हेडफोन लावून ऐकली. डायनॅमिकमधला आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला. कंडेन्सरमध्ये ओळ संपल्यावर घेतलेला श्वासही ऐकू आला.

"हाच," ती म्हणाली.

विनीतने डायनॅमिक एकदा हातात घेऊन परत ठेवला आणि मान डोलावली. बायकोशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका स्टुडिओत वेदिकाला कोरसमध्ये कायमचं काम मिळालं होतं. बॅग भरून झाली आणि त्याच आठवड्यात सासूबाईंना, यमुनाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. भरलेली बॅग रिकामी झाली. वेदिकाने कुरकुर केली नाही. त्यांना पेज भरवली, वेणी घातली, पाटीवर अक्षरं काढून "आई, म्हणा बघू" म्हणत तासन्‌तास बसली. सुरुवातीला यमुनाबाई ओठ हलवून धडपडायच्या. हल्ली पाटी दिसली की डोळे भरून यायचे आणि त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

दर महिन्याला डॉक्टरांकडे विनीतच त्यांना घेऊन जायचा. "तू कशाला दगदग करतेस? तेवढाच रियाज कर," म्हणायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारच्या गोदाकाकी म्हणत. वेदिकालाही ते पटे.

आता त्याच स्टुडिओच्या तेजस्वीताईंनी बालगीतं मागितली होती. घरूनच गाऊन पाठवायची. नमुना पसंत पडला तर सगळी गाणी तिची. "आणि सासूबाई बोलत्या-चालत्या झाल्या, की सरळ इकडे निघून ये," असंही त्या म्हणाल्या होत्या.

विनीतने स्वतः भिंतींना गोधड्या टांगल्या. हा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं कमी, असं सर्वेशने सांगितलं होतं. म्हणून त्याने माईकची पाठ आईच्या खोलीकडे केली आणि स्टँडचे पाय चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसवले.

रविवारी खिडकीबाहेर फणसावर कावळ्यांनी कालवा मांडला. थांबायचं नाव घेईनात. शेवटी वेदिकाने चिकटपट्टी सोडवली, माईकची पाठ खिडकीकडे फिरवली, हेडफोन चढवले आणि डोळे मिटून एका दमात गाणं म्हणून टाकलं. त्याच दुपारी पाठवूनही दिलं.

सोमवारी सकाळी तेजस्वीताईंचा फोन आला.

"अगं, गळा जसाच्या तसा आहे तुझा! काम पक्कं समज. फक्त एक कर. दुसऱ्या कडव्याआधी वाद्यांसाठी जागा सोडली आहेस ना, तिथे मागे कुणीतरी बाई बोलतेय. टीव्ही असेल. पुढच्या वेळी तेवढं सांभाळ."

वेदिका धावतच सासूबाईंच्या खोलीत गेली. "आई, काम मिळालं! मला मिळालं काम!"

यमुनाबाईंनी डावा हात तिच्या गालावर ठेवला. त्यांचे ओठ थरथरले. मग त्यांची नजर दाराकडे गेली. दारात विनीत उभा होता.

"वा! पार्टी पाहिजे हां," तो हसून म्हणाला आणि डबा घेऊन ऑफिसला निघाला.

घरात टीव्ही लागलेला नव्हता. म्हणजे गोदाकाकींचाच असणार. त्यांना सांगायचं, तर कुठली मालिका होती ते तरी कळायला हवं. वेदिका लॅपटॉपसमोर बसली. हेडफोन लावले. गाताना तिच्या कानांत नुसती वाद्यं होती. आता तिने ती बंद केली, माईकचा आवाज तेवढा ठेवला आणि होता तितका वाढवला.

पहिलं कडवं संपलं. तिचा श्वास. पंख्याची घरघर. लांबवर एक कावळा.

आणि मग भिंतीपलीकडून एक बाई बोलली. अडखळत, पण शब्द न्‌ शब्द स्पष्ट.

"विन्या, वरीस झालं रे माझी वाचा परत येऊन. आता तरी बोलू दे पोरीशी."

"गप्प बस, आई," विनीतचा दबका आवाज आला. "तू बोललीस, की ती मुंबईला जाईल."