कडी कोणी घातली

"आधी गाणं ऐकव," आई म्हणाली, "मग फोटो देते."

पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. आत थोरल्या मुलाचा एकुलता एक फोटो होता. नव्या अल्बमच्या कव्हरवर तो छापायचा होता आणि चार वाजता कव्हर, गाणी, सगळंच सीडीच्या कारखान्याकडे रवाना व्हायचं होतं. स्टुडिओतल्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

तिच्या धाकट्याने, बँडच्या गायकाने, साउंड इंजिनिअरकडे पाहिलं. गायकाचं वय सत्तावन्न, खिळ्यांसारखे उभे केस जाऊन डोक्यावर मोजून चार उरलेले, तरी अजून सगळे त्याला खिळाच म्हणत. पस्तीस वर्षं तो बँड घेऊन गावोगाव किंचाळत हिंडला होता. आईसमोर मात्र त्याने कधी गाणं लावलं नव्हतं. तिनेही कधी मागितलं नव्हतं.

"आई, फार गोंगाट आहे त्यात. तुला सोसणार नाही."

"माझं मी बघते. लाव तू."

इंजिनिअरने बटण दाबलं. पत्र्याच्या शेडवर दगड पडावेत तसे ड्रम सुरू झाले, त्यांच्या मागून गिटार, आणि मग खिळ्याचा तो गंजलेला आवाज:

*कडी घातलीस बापा, कडी घातलीस!*
*पोर थंडीत मेलं, तू झोप घेतलीस!*

गाणं नवं होतं, बाप नवा नव्हता. त्यांच्या प्रत्येक अल्बममध्ये बापाच्या नावाने शिमगा असायचाच. थोरला भाऊ मात्र गाण्यात पहिल्यांदा आला होता. नशेत घरी आलेला, दार ठोठावून परत गेलेला, सकाळी बस डेपोच्या शेडमध्ये गार पडलेला सापडलेला.

आई हलली नाही. गाणं संपल्यावरही काही वेळ ती समोरच्या स्पीकरकडेच बघत राहिली.

"तुझा बाप त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता," ती म्हणाली. "रात्री बारा वाजता सुटला. कडी मी घातली."

सोफ्यावर बसलेल्या ड्रमरने मान वर केली. बास गिटार वाजवणारी बाई चहाचा कप तोंडाजवळ नेता नेता थांबली.

"काहीतरी बोलू नकोस," खिळा म्हणाला. "बाबांनी स्वतः सांगितलंय मला. मी घातली म्हणाले."

"ते म्हणाले खरं. सकाळी डेपोत थोरल्याला बघून येताना वाटेतच ठरवलं त्यांनी. मला म्हणाले, धाकट्याला आई लागेल. माझं काय, मी दिवसभर बाहेरच असतो. माझा राग केला तरी चालेल."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले."

खिळा तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"का घातलीस कडी?"

"तुझा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता, आठवतं? जिन्यावरून पडलास म्हणून सांगितलं सगळ्यांना. तू पडला नव्हतास, धाकट्या. थोरल्याने ढकललं होतं. तुला शुद्ध यायला अर्धा तास लागला." तिने ओठ पुसले. "चार दिवसांनी तो परत आला. बराच वेळ दार वाजवत होता. मी तुला पोटाशी धरून तुझे कान दाबून बसले होते."

खिळ्याचा हात नकळत डाव्या कोपराकडे गेला.

"एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तुझं पहिलं गाणं बापावर आहे असं कानावर आलं तेव्हाच सांगणार होते. पण लोक टाळ्या वाजवायला लागले. तू हसायला लागलास. मग जीभ रेटेना. आणि तुझे बाबा गेले तेव्हा तू दौऱ्यावर. फोन केला तर म्हणालास, शो आहे."

ड्रमर खाकरला. "काकू, गाणं शेवटी गाणं असतं. खरंखोटं कोण बघायला जातंय? आणि आता वेळ तरी कुठे आहे?"

"तुम्ही खरं बोलता म्हणून पोरं तुमच्या मागे वेडी झाली ना?" आईने विचारलं. 

तिने पिशवीतून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. "हा घ्या. पण गाणं बापाच्या नावावर जाणार असेल, तर आत्ताच परत द्या."

कोणी हात लावला नाही. मग बास वाजवणाऱ्या बाईने कप ठेवला, गिटार उचलली आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन उभी राहिली. ड्रमरने घड्याळाकडे पाहिलं, पुटपुटत शिवी घातली आणि तिच्या मागोमाग गेला.

खिळा दारापाशी पोचला तेव्हा आईने हाक मारली.

"ते झोपेचं काढ पण. झोपले नव्हते मी."

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तीन वाजायला दहा मिनिटं होती. ड्रम कोसळले, गिटार आली. खिळ्याने माइक दोन्ही हातांत धरला. *कडी घातलीस* इथपर्यंत आवाज नेहमीसारखा फाटला. पुढचा, *बापा*च्या जागी घातलेला शब्द आला तो इतका हळू, की इंजिनिअर वाकून बटणं चाचपू लागला. दुसऱ्या ओळीला तर नुसतेच ओठ हलले.

"पुन्हा घेऊ," इंजिनिअर माइकवर म्हणाला.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खिळ्याने डोळे मिटून घेतले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि *आई* हा शब्द जेमतेम ओठांबाहेर आला.

आई उठली. काचेजवळ गेली, मुलाकडे बघत उभी राहिली. मग इंजिनिअरच्या खुर्चीला हात टेकून म्हणाली,

"बापावर ओरडला तेवढंच माझ्यावर ओरडायला सांगा त्याला."