शंभरावर एक डॉलर

"आलं का नाव?" आर्व्हिडने काउंटरवर कोपरं टेकत विचारलं.

डोरीनने नेहमीसारखी फाइल पुढे सरकवली नाही. नगरपालिकेत निवडणुकीचे कागद सांभाळायचं काम तिचं. दर निवडणुकीला हा सत्तरी उलटलेला म्हातारा यायचा, उमेदवारांच्या देणगीदारांची यादी मागायचा, एका ओळीवर बोट ठेवून उभा राहायचा आणि मुकाट निघून जायचा.

ओळ त्याच्या मुलाची. नील्स सँडविक, मिनिअ‍ॅपोलिस. देणगी एकशे एक डॉलर. शंभरपर्यंत दिले तर कुणाला पत्ता लागत नाही; वर एक डॉलर गेला की नाव, पत्ता, धंदा, सगळं जाहीर करायचं, असा नियम.

"आमचं बोलणं होत नाही," एवढंच आर्व्हिड पहिल्यांदा म्हणाला होता. डोरीन सहा वर्षांपूर्वी या गावात आली तेव्हाची गोष्ट. तिनेही खोदून विचारलं नाही. जुन्या याद्या मात्र काढून पाहिल्या. आधी बोटीच्या कारखान्यात शिकाऊ, मग कारागीर, मग मुकादम. मुलगा तोंड दाखवेना, पण धंद्याच्या रकान्यातून बापाला त्याची खुशाली कळत होती. बिचारा तेवढ्यावरच जगत होता!

"आलंय," ती म्हणाली. "आणि याही वेळी पैसे तुमच्या नावडत्या माणसालाच!"

"त्या खड्डेवाल्याला? दर निवडणुकीला रस्त्यातले खड्डे बुजवतो म्हणणाऱ्याला? नील्सचं डोकं पहिल्यापासून उलटंच. मी डावीकडे म्हटलं की हा उजवीकडे." म्हातारा गालातल्या गालात हसला. "आणि धंदा? काय लिहिलंय?"

"मालक. स्वतःचा बोटीचा कारखाना."

"मालक," आर्व्हिड हळूच म्हणाला. तो इतका सुखावला, की डोरीनने हातातली फाइल मिटली. आता याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आर्व्हिड, बसा जरा. यंदा नगरपालिकेने नवा नियम केलाय. यादीत नाव आलं की त्या माणसाला आम्ही पत्र धाडतो, पैसे तुम्हीच दिलेत ना म्हणून. नील्सचं पत्र परत आलं. त्या पत्त्यावर असं कुणी राहत नाही म्हणे."

तो खुर्चीवर टेकला.

"शुक्रवारपर्यंत खुलासा आला नाही तर नाव खोडावं लागेल. जुन्या याद्यांतलंसुद्धा. माझा नाइलाज आहे हो. तुम्ही नुसतं सांगा तो कुठे असतो, मी स्वतः जाते. हातापाया पडून त्याची सही आणते. वाटलं तर चार शब्द सुनावते, बाप इथे झुरतोय म्हणून."

"तू जाशील?"

"आत्ता जाते. लांब आहे का?"

"नाही गं. चर्चच्या मागेच."

"चर्चच्या मागे तर दफनभूमी आहे."

आर्व्हिडने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"बारा वर्षं झाली. एकोणीसचा होता. पैसे मीच भरतो, पोरी, दंड लाव हवा तेवढा. पण नाव नको ना खोडूस. आत्ता कुठे त्याला मालक केलाय मी."